सायकलच्या रंगाचा विमा

मी, नलिनी रघुवीर वेलकर, वय शहात्तर, निवृत्त विमा अधिकारी, राहणार शिवाजी पार्क, दादर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझे डोके शाबूत आहे. मोडला आहे तो खुबा.

१. खुब्याची हकीकत येथे नोंदवणे भाग आहे, कारण पुढची वाटणी तिच्यावरूनच ठरली आहे. गेल्या वर्षी पार्काच्या कट्ट्याजवळ रस्ता ओलांडताना हितेंद्र नावाच्या गृहस्थाने मला सायकलने उडवले. हा माझा मुलगा निलेश याच्या सायकल-ग्रुपमधला. भरपाईचा विषय काढताच त्याने हात वर केले आणि फुले पाठवली. मी पोलिसांत तक्रार दिली. ती निलेशने माझ्या उशाशी बसून मागे घ्यायला लावली. "आई, ग्रुपमध्ये मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि तूही जरा बघून चालायला हवं होतंस." या वाक्याची मला अजून किळस येते.

२. निलेशची सायकल आमच्या हॉलमध्ये उभी असते. तिच्यामुळे वॉकर पुढे जात नाही, म्हणून मी गॅलरीत जाणे सोडले आहे. तिचा मात्र विमा आहे. जन्म दाव्यांच्या खात्यात गेला माझा, तो कागद मी चष्मा लावून वाचला. चोरी, मोडतोड, रंगावरचा ओरखडा, सगळ्याची भरपाई. तिच्याखाली माणूस आला तर? त्या कलमाला जादा हप्ता होता, तो याने भरला नाही. "लागतं कशाला ते?" म्हणाला. मी समोर वॉकर धरून उभी होते. थू!

३. सोसायटीचे अध्यक्ष तात्या यांचाही मला तितकाच वीट आला आहे. माझ्या अपघाताचे निमित्त करून त्यांनी विमा नसलेल्या सायकलींना फाटकातच बंदी केली. अडला कोण, तर पाववाला इद्रिस. निलेशकडे विम्याचा कागद आहे ना, रंगाचा! त्याची सायकल थाटात लिफ्टने वर जाते. "नियम सगळ्यांना सारखा, नलूताई," इति तात्या. सायकलवाल्यांना विम्याची सक्ती असावी, असेच माझेही मत आहे. पण हौसेने चालवणाऱ्याने तो स्वतःच्या खिशातून उतरवावा आणि पोटासाठी चालवणाऱ्याचा हप्ता त्याचा पाव खाणाऱ्यांनी भरावा. सबब, माझ्या मुदत ठेवीच्या व्याजातून इद्रिसचा विमा दरवर्षी उतरवावा. माणसांना धक्का लागल्यास भरपाई देणारा, तेवढे नीट वाचून घ्यावे.

४. राहते घर सून दर्शना हिला. पोलीस ठाण्यात माझ्याबरोबर ती एकटी आली होती. निलेशला येथे राहायचे असल्यास त्याने तिला विचारावे. मोत्याच्या कुड्या नात नूपुर हिला. लग्नाची वाट न बघता घालाव्यात. या मृत्युपत्राची अंमलबजावणी दर्शनानेच करावी.

५. माझ्या मागे ग्रुपने माझा फोटो छापलेले टी-शर्ट घालून स्मृती-राइड वगैरे काढू नये. निलेशने माझ्याबरोबर स्मशानापर्यंत पायी यावे. वर्षभर मी त्याला म्हणत होते, हात धर माझा, एकदा समुद्रापर्यंत चालत जाऊन येऊ. दर वेळी त्याची राइड असे. स्मशान त्याच वाटेवर आहे. तेव्हा तरी यावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला असून खालील दोघांच्या देखत सही केली आहे.

सही: नलिनी रघुवीर वेलकर

साक्षीदार:
१. डॉ. शरच्चंद्र नाबर
२. संघमित्रा जाधव

स्थळ: दादर, मुंबई
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५