लूवेनिया मावशींनी घातलेल्या हॅट

थॉर्नहिल मॅडम,

जॉर्जियात तुमच्या दुकानातल्या सगळ्या हॅट मीच बनवायचे, पण एकही डोक्यावर ठेवायची सोय नव्हती. काळ्या बाईचं डोकं लागलं की हॅट बाटली म्हणायचात.

आज शिकागोत मी स्वतःचं दुकान उघडलं. पहिल्याच आल्या धुणी धुणाऱ्या लूवेनिया मावशी, आपल्याच दक्षिणेतल्या, माझ्यासारख्याच काळ्या. हात पाठीमागे धरून म्हणाल्या, "लांबूनच बघते गं."

"लांबून कशाला? घाला की डोक्यावर! आरसा काय मला बघायला लावलाय?"

मावशींनी दुकानातली एकूण एक हॅट घालून पाहिली, आरशात स्वतःलाच डोळा मारला आणि काहीही न घेता हसत निघून गेल्या.

मॅडम, एवढी कमाई तुमच्या दुकानाने जन्मात केली नसेल!

हे पत्र काही पोस्टात टाकत नाही. दारात बायका खोळंबल्यात.

तुम्ही जिला 'ए पोरी' म्हणायचात ती,
मिस ओडेसा पेटिवे,
मालकीण