तिसऱ्या कडव्यासह

मी, मेव्हिस रूथ टिपटन, वय एकाहत्तर, धंदा गाणी लिहिणे, राहणार नॅशव्हिल, टेनेसी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि रागात लिहीत आहे. रागाने अक्कल जात नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. घर व बँकेतील शिल्लक धाकटी बहीण ओपल हिला द्यावी. घर कंट्री गाण्यांवर उभे राहिले, त्याचे छप्पर एका रॉक बँडसाठी लिहिलेल्या गाण्यांवर झाले. त्या पोरांनी माझा एकही शब्द बदलला नाही. माझ्या गिटारी त्यांना द्याव्यात.

२. ‘दारातला दिवा’ हे माझे सर्वांत गाजलेले गाणे ओपलवर आहे. पहिल्या कडव्यात नवरा भांडून जातो, दुसऱ्यात पायरीवर रडत माफी मागतो, तिसऱ्यात बायको लेकीला घेऊन घर सोडते. रेकॉर्डिंगच्या दिवशी गायक ब्रॅडी हार्गिस याने तिसरे कडवे काढून टाकले. म्हणाला, “अगं बाई, रडणाऱ्या नवऱ्याला सोडून जाणारी बायको कोणाला आवडते?”

“मला आवडते. माझी बहीण आहे ती.”

“मग बहिणीला घरी गाऊन दाखव.”

करारावर माझी सही झालेली होती. गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. लोक लग्नात त्यावर नाचू लागले. ओपलच्या नवऱ्याने ते तिला फोनवर ऐकवले: “बघ, तुझी ताईसुद्धा म्हणते, माफ कर.” ओपल परत गेली. पुढच्या हिवाळ्यात मी तिला इस्पितळातून आणले. डावा कान कायमचा गेला होता.

३. या गाण्याच्या विक्रीबद्दल मिळालेली भिंतीवरची सोनेरी तबकडी हार्गिसला पाठवावी. तिच्यात दोनच कडवी आहेत.

४. करारात दिलेले गाण्याचे हक्क पस्तीस वर्षांनी, गेल्या वर्षी, कायद्याने माझ्याकडे परत आले. ते ओपलला द्यावेत. सिनेमाला किंवा जाहिरातीला गाणे हवे असल्यास तिन्ही कडवी घ्यावी लागतील. अंमलबजावणी ओपलची मुलगी टेसा करील. तिला गोड बोलता येत नाही, म्हणूनच तिला नेमले.

५. हार्गिस माझ्या अंत्यविधीला गिटार घेऊन येईलच. त्याला बसू द्यावे, जेवू घालावे, माईक देऊ नये. गाणे ओपलने म्हणावे. ती म्हणते, “ताई, मला सूर कुठला? चर्चमध्ये लोक मागे वळून बघतात.” बघू देत.

६. तिसरे कडवे आजवर कुठेही छापलेले नाही. ते या मृत्युपत्राचा भाग समजावे:

रड तू खुशाल पायरीवर,
मी किल्ली फिरवते आहे.
लेक विचारते, “कुठे जायचं?”
मी “लांब” एवढंच म्हणते आहे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि यातील एकही ओळ कोणी कमी करू नये.

सही: मेव्हिस रूथ टिपटन
नॅशव्हिल, १४ मार्च २०१९

आमच्यासमोर सही झाली:
हायरम पोस्टन, गिटार दुरुस्ती
डेलीन क्रॅब्ट्री, शेजारीण