चरखीत अडकलेली झेंडूची माळ

रविवार, डोंबिवली

लहानपणी गावच्या खाडीत शीड उतरवताना होणारी ओल्या कापडाची सळसळ आज दिवसभर कानात आहे. आज मात्र शीड गुंडाळेचना.

वसंता आणि मी आमची छोटी होडी घेऊन कोपरच्या खाडीत गेलो होतो. वारा अचानक वाढला. वसंताने दोरी ओढली, तर शीड गुंडाळणारी चरखी अर्धी फिरून अडली. फुगलेलं शीड होडीला पुलाच्या खांबांकडे न्यायला लागलं. सुकाणू माझ्या हातात, आणि मी घाबरून शाळेतली कविता पुटपुटतोय!

"अरे, कविता नंतर म्हण! होडीचं तोंड वाऱ्याकडे वळव!" वसंता ओरडला.

वळवलं. शिडातला वारा गेला, तेव्हा वसंता पालथा पडून चरखीत डोकावला. आत झेंडूची माळ. दसऱ्याच्या पूजेला मीच बांधलेली. तिचा दोरा दोरीबरोबर गुंडाळला गेलेला. तो कापल्यावर शीड मुकाट्याने मिटलं.

माळ घालायची ती फिरत्या चरखीवर? काय म्हणावं मला? पण वसंता रागावला नाही. एवढंच म्हणाला, "बायकोला कळलं तर होडी विकायला लावेल." तीच धास्ती घेऊन घरी आलो. झेंडूच्या पाकळ्या अजून खिशातून निघतायत. खाडी, वारा आणि असा मित्र. या वयात अजून काय मागायचं?

आत्ता बेल वाजली. दारात वसंताची बायको, शालूवहिनी! म्हणजे त्याने सगळं सांगितलं तर. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "भावजी, पुढच्या रविवारी मीपण येणार. घरी जीव मुठीत धरून बसण्यापेक्षा तिथे तुमच्यावर ओरडलेलं बरं."