नदीपलीकडचा ट्रान्सफॉर्मर

मुसोका, ९ नोव्हेंबर

प्रिय नालियाका ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार, लेकरांना गोड पापा. फोनवर आपण बोलतोच, मग पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू मध्येच हसवतेस आणि माझं सांगायचं राहून जातं.

इकडे सगळं बरं आहे. मका चांगला झालाय. वीज आल्यापासून गिरणीतला डिझेलचा धूर गेला, माझा खोकलाही गेला. दवाखान्यात लशींचा फ्रिज चालू झाला. सलूनवाल्याने तर भिंतभर दिवे लावलेत. आमचे सिमियू म्हणतात, दुकान नवरीसारखं सजलंय, गिऱ्हाइकं मात्र तीच टकली.

तुमचा ट्रान्सफॉर्मर उतरवून इकडे आणला गेला, तेव्हापासून तुझी गिरणी बंद. तुमच्या बायका डोक्यावर मका घेऊन नदी ओलांडून माझ्याकडे येतात. धंदा जोरात आहे, ताई. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते.

मागच्या खेपेला तुमचा माणूस निवडून आला, तेव्हा खांब तुमच्याकडे गेले आणि आम्ही या काठावरून बघत बसलो. आपल्याकडे विजेची तार मतं बघूनच वळते. पण तेव्हा माझं डिझेल संपलं की तू रांग थांबवून माझा मका आधी दळायचीस. कधी बोलून दाखवलं नाहीस.

परवा तुझी नेकेसा आली होती. गिरणीवालीची लेक मावशीच्या रांगेत उभी, मान खाली घालून. मी तिला आत घेतलं, चहा दिला. ती म्हणाली, "मावशी, आई म्हणते, आमचा ट्रान्सफॉर्मर न्यायला तुमच्यातल्याच कुणीतरी सुचवलं. तुला नाव कळलं तर सांग."

मी म्हणाले, "मला कुठून कळणार गं?"

ताई, ती मीच.

या खेपेला निवडून आल्यावर आमचे खासदार आभार मानायला आले होते. बैल कापला होता, गाणी झाली. मी उठून वीज मागितली. ते म्हणाले, नवा ट्रान्सफॉर्मर मिळायला वर्षं जातील, जवळपास कुठला उचलता येईल का? सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे जमिनीकडे बघत राहिले. मीच म्हणाले, "नदीपलीकडे आहे की. त्यांनी कुठे तुम्हाला मत दिलंय?" लोक हसले, टाळ्या पडल्या. मलाही त्या घटकेला बरं वाटलं. तुझी आठवण झाली नाही असं नाही. झाली, आणि तरी बोलले.

काल त्यांच्या घरी गेले होते, तो परत पाठवा म्हणायला. व्हरांड्यात बसवलं, सोडा दिला. त्यांनी विचारलं, "काय बाई, गिरणी कशी चाललीय?" मी म्हणाले, "छान चाललीय, साहेब. तुमची कृपा." आणि उठून घरी आले.

मला तो परत द्यायचा नाहीये, ताई. तुझं वाटोळं केलं म्हणून रडू येतं, आणि डोळे पुसून मी गिरणीचं बटण दाबते.

नेकेसाला खरं तूच सांग. माझ्याच्याने होणार नाही.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
नांगिला