लक्षण नाही, तरी गोळी घे

वहिनी,

दुपारच्या सुट्टीत येऊन गेले. तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही.

तुझ्या लघवीचं कल्चर आज लॅबमध्ये मीच बघितलं. जळजळ नाही, ताप नाही, तरी जंतू भरपूर आहेत आणि पहिल्या तपासणीनंतर तू घेतेयस त्या गोळीला ते दाद देत नाहीत. डॉक्टरांनी गर्भारपणात चालणारी दुसरी गोळी लिहून दिलीय, ती उशाशी ठेवलीय. जुनं पाकीट मी घेऊन गेले.

आई म्हणेलच, "काही होत नाही, तर औषध कशाला?" मागच्या खेपेला ती हेच म्हणाली आणि मी सगळं कळत असून गप्प बसले. सातव्यातच तुला कळा आल्या. आणलेला पाळणा परत करावा लागला.

त्याची माफी मी अजून मागितलेली नाही. संध्याकाळी समोर बसून मागेन. आधी गोळी घे.

– तुझी नणंद