मुलाणीभाईला काय सांगितलं

१ जुलै, मंगळवार
आखाड लागला. देवीचा बकरा पुढच्या मंगळवारी. पोरगा संदीप म्हणतो, या वर्षी कापायला मुलाणीभाई नको. त्याच्या ग्रुपमधली पोरं हसतात म्हणे, देवी आपली आणि सुरी त्यांची. म्हटलं, अरे, आपल्याच गावचा माणूस, तुझ्या आजोबांपासून तोच कापतोय. देवी तेव्हा विटाळली नाही, आत्ता विटाळते काय? तर म्हणे, "तू सांगतेस का मी सांगू?" तो सांगणार म्हणजे शिव्याच. मी सांगते म्हटलं.

३ जुलै
कॅम्प तीनच्या कारखान्यात जीन्सचे धागे कापून झाल्यावर रिक्षानं सरळ अंबरनाथ, भाईच्या दुकानावर. खरं तेच सांगायचं ठरवलेलं. मी कुणाला भीत नाही, सासूलाही भ्याले नाही. आणि तोंडातून काय निघालं, "भाई, आम्ही बळी बंद केला. आता पुरणपोळीचा निवद."
हातातलं काम ठेवलं त्यानं. "लई चांगलं केलंत वहिनी. मुकं जनावर." वर चहा मागवला. प्यायले.

८ जुलै
बकरा तिकडं कात्रपला संदीपच्या दोस्तानं कापला. डब्यातून आणला. वास जाऊ नये म्हणून खिडक्या लावून रांधलं. देवीच्या मटणाला खिडक्या! पहिला वाटा दरवर्षी भाईच्या घरी जातो. या वर्षी…
जेवले मात्र. दोनदा वाढून घेतलं.

१० जुलै
महिला मंडळाच्या शुभाताई आल्या. भाईनंच सांगितलं त्यांना, कौतुकानं. रविवारी माझा सत्कार. "शिकलेल्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत, चार शब्द बोला." नाही म्हणणार तर संदीप आतून, "बोलेल की आई!" त्या गेल्यावर खो खो हसला. "शाल घे, नारळ घे." एक ठेवून दिली त्याला. पण खोटं तर मीच बोलले.

१२ जुलै, शनिवार
भाई घरी आला. फडक्यात सुरी. माझ्या सासऱ्यांनी त्याला दिलेली, फक्त देवीच्या बकऱ्याची. दुकानात कधी वापरली नाही म्हणाला. "आता तुमच्याकडंच असू द्या वहिनी." धार लावलेली. आखाडाच्या आधीच लावून ठेवतो तो.
घेतली. दोन्ही हातांनी.
जिना उतरायला लागला, गुडघे धरून. "भाई!" म्हणून हाक मारली. थांबला, वर बघितलं. आणि मी म्हणते, "उद्या या हं."
"येणार तर! पुढंच बसतो."
सुरी देव्हाऱ्यात ठेवायची. हात होत नाही. ओट्यावरच आहे.
उद्या पाच वाजता माईक देणार हातात. समोर भाई.