महेजबीनची वेगळी फाइल

अकोला, २२ सप्टेंबर २०२१

ती. मैनामावशीस आचलचा वाकून नमस्कार. तुझ्या गुडघ्याला आराम असेल, काका गोळ्या वेळेवर घेत असतील (नसतीलच). मी बरी आहे, फक्त जळून राहिली आहे. कोणावर, ते सांगते.

आमच्या हापिसात तेल्हाऱ्याची महेजबीन नवी लागली. बोंडअळी पडली की शेतकऱ्यांची व्हिडिओवर पीकतज्ज्ञांशी गाठ घालून देणारी वेबसाइट मी एकटीने पीएचपी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत उभी केली, आणि आठ दिवसांत साहेबांच्या तोंडी तिचंच नाव. (तिचं अक्षरही सुंदर आहे. कॉम्प्युटरवर अक्षराचं काय काम, पण आहे.) बैठक आपोआप उघडायला व्हिडिओवाल्या कंपनीला आपली गुप्त चावी, म्हणजे अक्षरं-आकड्यांचा लांबलचक परवलीचा शब्द, दाखवावी लागते. मी ती सरळ कोडमध्येच लिहिली होती. महेजबीन हळूच म्हणाली, "आचलताई, चावी वेगळ्या फाइलीत ठेवा, वेबसाइटच्या फोल्डरबाहेर." मी म्हटलं, "मले शिकवून राहिली का?" आणि काम माझंच आहे हे जगाला दिसावं म्हणून सगळा कोड माझ्या नावानिशी, चावीसकट, इंटरनेटवर खुला टाकून दिला.

गुरुवारी चाळीस शेतकरी बैठकीला बसले आणि मध्येच बैठक तुटली. आमच्या खात्यावर एका वेळी एकच बैठक चालते, आणि कोणीतरी माझी चावी उचलून त्याच खात्यावर झुंबा नाचाचा वर्ग सुरू केला होता. तेवढ्यात पुंजारामकाका म्हणून एका शेतकऱ्याचा फोन. "बाई, ते तज्ज्ञ म्हणत होते का दोन औषधं मिसळून फवारू... अन् आवाजच गेला. पंप पाठीवर हाये. फवारू का?"

महेजबीनने माझ्या हातून फोन घेतला. "काका, पंप खाली ठेवा. मी इचारून सांगते." तज्ज्ञांचं पुरं वाक्य 'फवारू नका' असं होतं. मग मी एकेका शेतकऱ्याला फोन करत बसले, आणि तिने जुनी चावी रद्द करून नवी घेतली, वेगळ्या फाइलीत ठेवली, बैठक पुन्हा जोडून दिली. साहेबांनी विचारलं, चूक कोणाची? ती म्हणाली, "जुन्या कोडात राहून गेली होती, सर." माझं नाव नाही. आता सांग मावशे, अशा मुलीवर जळायचं तरी कसं? तरी जळतेच आहे.

तुझी,
आचल

ता. क. साहेब तिला पुढच्या महिन्यात तुझ्याच गावी, अमरावतीच्या हापिसात पाठवून राहिले (मला नाही). तिथे तिचं नाव ऐकून दोन घरमालकांनी खोली भरली म्हणून सांगितलं. तुझी वरची खोली तिला दे. मी शब्द देऊन बसले आहे.

आणखी एक. भाकर तिला गरम करून घाल, पण मला लाडाने म्हणतेस तसं तिला 'बाई माही' म्हणू नको.